अनुरणन आणि तीन व्होल्ट

ध्वनिक्षेपणाच्या व्यवसायात ज्याला सरसकट 'इको' म्हणतात ते यंत्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. ऐकलेले मात्र जवळजवळ प्रत्येकाने असते. कीर्तनात बुवांचा शेवटचा शब्द क्षणभर मंडपात रेंगाळतो, चौदा एप्रिलच्या रात्री भीमगीत म्हणणाऱ्या गायकाची तान मैदानाच्या कडेला जाऊन परत आल्यासारखी वाटते, उरुसातल्या कव्वालीत टाळी संपते आणि तिची सावली उरते, तेव्हा मंचाच्या एका बाजूला, मिक्सरच्या खाली, एक चपटा काळा पत्र्याचा डबा आपले काम करत असतो. मूळ आवाज घ्यायचा, त्याच्या शेकडो क्षीण प्रती करायच्या आणि त्या थोड्या थोड्या उशिराने परत द्यायच्या, एवढेच ते काम.

हे काम पूर्वी वास्तूच करत असे. विजापूरच्या गोलघुमटात ज्याने एकदा टाळी वाजवली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. पुढे ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर वास्तू उसनी घ्यावी लागली. १९४७ साली शिकागोत बिल पटनम या तंत्रज्ञाने 'हार्मोनिकॅट्स' या चमूच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओच्या स्नानगृहात ध्वनिक्षेपक आणि माइक ठेवून कृत्रिम घुमारा मिळवला, ही गोष्ट त्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. १९५७ मध्ये जर्मनीतील 'ईएमटी' कंपनीने ताणून बांधलेल्या पोलादी पत्र्याकडून तेच काम करवून घेतले आणि १९७६ मध्ये त्याच कंपनीने ते पहिल्यांदा आकड्यांच्या हवाली केले. तोवर ही यंत्रे मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती. १९८०च्या दशकाच्या मध्यावर यामाहाचे 'एसपीएक्स ९०' आणि त्याच्या पिढीची इतर यंत्रे आली, तेव्हा कुठे फिरत्या वाद्यवृंदांच्या हाती ही गोष्ट पडली. आमच्याकडे, म्हणजे वाशीम, मंगरूळपीर, मानोरा या टापूत, ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताने यायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

माझ्या मामांनी असे एक जपानी बनावटीचे यंत्र १९९५ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले विकत आणले. मामांचा मंगरूळपीर तालुक्यात मंडप आणि लाउडस्पीकरचा व्यवसाय होता. शिक्षण दहावीपर्यंत. पण कान असा की, माणूस माइकपुढे खाकरला तरी त्याच्या आवाजात काय कमी आहे आणि काय जास्त आहे हे त्यांना कळे. यंत्रात कंपनीने भरून दिलेल्या योजना होत्याच. त्यांना तंत्रज्ञ 'प्रोग्रॅम' म्हणतात. मामांनी त्या फारशा वापरल्या नाहीत. "त्या त्यायच्या देशातल्या खोल्या हायेत," असे ते म्हणत. रिकाम्या जागांत त्यांनी स्वतःचे प्रोग्रॅम बसवले आणि त्यांना नावे दिली. यंत्राच्या दोन ओळींच्या पडद्यावर रोमन अक्षरेच उमटत, पण नावे आपली होती: 'मैदान', 'टीन', 'उरूस', 'पोहरा', 'बुवा', 'चौदा'. 'पोहरा' म्हणजे पोहरादेवीची रामनवमीची यात्रा. तिथल्या उघड्यावरच्या गर्दीसाठी केलेली योजना. 'टीन' म्हणजे पत्र्याच्या शेडमधला कार्यक्रम. तिथे जागाच इतकी घुमते की यंत्राचा घुमारा जवळजवळ बंद ठेवावा लागतो. या प्रोग्रॅममध्ये त्याची मुदत अवघी सहा दशांश सेकंद होती. 'मैदाना'त तीच मुदत पावणेतीन सेकंदांवर गेलेली. प्रत्येक आवाजाला त्याची ओसरी लागते, असे मामांचे एक वाक्य होते. ध्वनिशास्त्राचे अनेक परिच्छेद त्यात मावतात.

मी एम.ए.च्या वर्गाला भारतीय काव्यशास्त्र शिकवतो. 'ध्वन्यालोक' शिकवताना एका जागी विद्यार्थी हमखास अडखळतात. ती जागा म्हणजे संलक्ष्यक्रम आणि असंलक्ष्यक्रम व्यंग्य. वाच्यार्थ आधी, व्यंग्यार्थ नंतर, हा क्रम जिथे जाणवतो तिथे आनंदवर्धन घंटेच्या अनुरणनाचा दाखला देतो. ठोका एक, आणि त्यामागून उमटणारा नाद दुसरा. दोन्ही एकाच घंटेचे, पण त्यांतले अंतर कानाला कळते. रसाच्या बाबतीत मात्र क्रम असूनही तो लक्षात येत नाही. हे फळ्यावर कितीही लिहिले तरी कोरडे राहते.

मामांच्या यंत्रावर 'डिले' नावाचा एक आकडा होता: मूळ आवाज आणि त्याचा पहिला पडसाद यांतले अंतर, मिलिसेकंदांत. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये प्रयोगाने दाखवले की, असा पडसाद साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत आला तर कान त्याला वेगळा मानतच नाही. आवाज केवळ भरीव झाल्यासारखा वाटतो. अंतर पुरेसे वाढवले की पडसाद सुटा होऊन ऐकू येऊ लागतो. मामा हयात असताना मी एकदा ते यंत्र वर्गात नेले. एका विद्यार्थ्याला माइकपुढे टाळी वाजवायला सांगितली आणि अंतर पंधरापासून दोनशेपर्यंत वाढवत नेले. क्रम तोच, आधी टाळी मग पडसाद; पण एका टोकाला तो असंलक्ष्य आणि दुसऱ्या टोकाला संलक्ष्य. रसप्रक्रियेची ही सिद्धता नव्हे, हे मी वर्गालाही बजावले. उपमा ही उपमाच. तरी त्या दिवसानंतर त्या वर्गाने मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मामा २०१९ च्या पावसाळ्यात गेले. मंडपाचे सामान मामेभावाने विकले, यंत्र मात्र मामींनी मागे ठेवले आणि पुढे मला दिले. २०२३ च्या दिवाळीत मी ते चालू केले तेव्हा पडद्यावर नेहमीच्या नावाआधी एक इंग्रजी सूचना उमटली: बॅटरी क्षीण झाली आहे.

जे यंत्र भिंतीतल्या विजेवर चालते त्याला बॅटरी कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कंपनीने भरून दिलेले प्रोग्रॅम कायमच्या स्मृतीत असतात. ते छापल्यासारखे, वीज असो वा नसो, ते राहतात. वापरणाऱ्याने केलेले प्रोग्रॅम मात्र दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीत जातात. तिथे प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे काही सूक्ष्म ट्रान्झिस्टरांनी एकमेकांना धरून ठेवलेली एक अवस्था असते. विजेचा आधार आहे तोवर ती टिकते. आधार क्षणभर जरी सुटला, तरी सगळे एकदम विस्कटते. म्हणून यंत्र बंद असताना हा आधार देण्यासाठी आत तीन व्होल्टची एक लिथियमची चकती बसवलेली असते. वीस मिलिमीटर व्यास, तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक जाडी. मनगटी घड्याळातल्या बटनसेलची ही थोरली बहीण.

या चकतीची साठवण साधारण दोनशेवीस मिलिअँपिअर-तास. स्मृतीला जिवंत राहण्यासाठी लागणारा प्रवाह दोन मायक्रोअँपिअर धरला तर एक लाख दहा हजार तास, म्हणजे साडेबारा वर्षे भरतात. पुष्कळ यंत्रांत प्रवाह याहूनही कमी लागतो, त्यामुळे पंचवीस-तीस वर्षे टिकलेल्या चकत्याही आढळतात. यंत्र चालू असताना चकतीवर भार येत नाही. मध्ये बसवलेला डायोड तिला तेवढा वेळ विश्रांती देतो. मामींनी मला सांगितले की, व्यवसाय बंद केल्यावरही मामा दर एकादशीला ते यंत्र दिवसभर चालू ठेवत. मला तो एक प्रकारचा नेम वाटला होता. तो नेम होताच, पण त्यामागे हा हिशेबही होता. महिन्यातल्या दोन दिवसांनी आयुष्य फार वाढले असेल असे नाही. तरी मामांच्या पश्चात ते दोन दिवसही गेले.

अडचण पुढेच होती. ही चकती घड्याळासारखी झाकण उघडून काढता येत नाही. तिच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या कारखान्यातच जोडलेल्या असतात आणि त्या पट्ट्या मुख्य सर्किटवर सोल्डर केलेल्या असतात. यंत्र बनवणाऱ्यांच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. दहा-पंधरा वर्षांनंतर हे यंत्र कोणी वापरत असेल, आणि त्यातल्या आकड्यांत कोणाचा जीव गुंतलेला असेल, असा विचार कारखान्याने का करावा?

अकोल्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे मी यंत्र घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडले, मल्टिमीटरच्या सुया चकतीला लावल्या. दोन पूर्णांक तीन व्होल्ट.

"सर, दोनच्या खाली गेलं का समजा संपलं," ते म्हणाले. "चार-सा महिने काढीन. पण बॅटरी काहाळली का आतलं सारं जाते."

"दुसरा काही उपाय?"

"उपाय हाय, पण ग्यारंटी नाई. अन् खरं सांगू का, आता दहा हजाराच्या मिक्सरमंदीच इको येते. काहून जीव काहाळता याच्यासाठी?"

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आजच्या साध्या मिक्सरमधला घुमारा त्या काळच्या यंत्राहून गुणवत्तेत कमी नसतो. मोबाइलवरही तो मिळतो. मला घुमारा नको होता. मला हवे होते ते अडतीस प्रोग्रॅम, ज्यांत एका माणसाने तालुक्यातली मैदाने, देवळे, शेड आणि गळे वीस वर्षे ऐकून काढलेले निष्कर्ष होते. मामांनी कधी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे फोटो चार-दोन, आवाजाचे ध्वनिमुद्रण एकही नाही. दुसऱ्यांचे आवाज मांडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज कुठे उरला नव्हता. उरले होते ते त्यांचे ऐकणे, आणि ते दोन पूर्णांक तीन व्होल्टवर येऊन ठेपले होते.

मेकॅनिकांनी सुचवलेला उपाय असा: जुनी चकती काढण्यापूर्वी तिच्याच दोन टोकांना बाहेरून दोन पेन्सिल सेल जोडायचे. दीड आणि दीड मिळून तीन व्होल्ट. मध्ये एक डायोड, म्हणजे प्रवाह उलटा जाणार नाही. या उसन्या आधारावर स्मृती जिवंत असताना जुनी चकती उतरवायची, तिच्या जागी होल्डर बसवायचा, त्यात नवी चकती घालायची आणि मग पेन्सिल सेल काढून घ्यायचे. हात हलला, एक चिमटा सुटला, तर सारे संपले. म्हणून आधी सगळे लिहून घ्या, असे त्यांनीच बजावले.

तर आम्ही लिहायला बसलो. आम्ही म्हणजे मी आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, जिच्या वडिलांचाही मंडपाचाच व्यवसाय आहे. एकाने पडदा वाचायचा, दुसऱ्याने वहीत उतरवायचे, मग वही वाचून पडद्याशी ताडायचे. अडतीस प्रोग्रॅम, प्रत्येकात पाच ते आठ आकडे. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या तासातच ध्यानात आले की मराठीत 'सात', 'साठ' आणि 'आठ' हे आकडे मोठ्याने वाचून उतरवून घेण्यास अत्यंत घातक आहेत. मग आम्ही एकेक अंक सुटा वाचू लागलो: सहा, शून्य. पाठचिकित्सा शिकवताना श्रुतिदोष आणि दृष्टिदोष हे शब्द मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. ते लेखकूच्या मांडीवर कसे बसतात हे त्या दोन संध्याकाळी कळले.

आमच्या जिल्ह्याला याची मोठी परंपरा आहे. कारंजा लाड येथील जैन मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि या भांडारांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. पुढे डॉ. हीरालाल जैन यांनी पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' हे अपभ्रंश काव्य संपादून १९३३ मध्ये कारंजाहून प्रकाशित केले. दहाव्या शतकातला कवी विसाव्या शतकापर्यंत पोहोचला तो केवळ कागदाच्या बळावर नव्हे. कागद जीर्ण होतो, त्याला कसर लागते. दर काही पिढ्यांनी कोणीतरी मान मोडेपर्यंत बसून नवी प्रत केली, म्हणून तो पोहोचला. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू आपली पाठ, कंबर आणि मान दुखल्याची तक्रार करून पोथी जपण्याची विनंती करतात, हा संकेत आपल्याला परिचित आहे. त्याकडे मी आजवर एक गमतीदार प्रथा म्हणून पाहत असे. आता त्यात मला एक तांत्रिक सूचना दिसते: पुढची प्रत करण्याची वेळ येईल, तोवर सांभाळा.

लिहिताना एक पेच पडला. एकेचाळीस क्रमांकाला 'घर' नावाचा प्रोग्रॅम होता आणि सत्तावन्नला 'घर २'. दोन्हींत घुमाऱ्याची मुदत एकच, एक पूर्णांक आठ सेकंद. फरक फक्त अंतराचा. एकात बावीस मिलिसेकंद, दुसऱ्यात चौदा. नाव दिले आहे म्हणजे दुसरा नंतरचा, असे वरकरणी वाटते. पण मामा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या जागी उतरवून ठेवत आणि मूळ जागेवर बदल करत, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्याने सांगितले. तसे असेल तर 'घर २' हाच जुना पाठ. यंत्रात तारखा नसतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ एवढा काळ चालले, आणि तिथे संपादकांनी घेतलेली सर्वांत शहाणपणाची भूमिका म्हणजे नाकारलेला पाठही तळटीपेत जपायचा. आम्ही दोन्ही उतरवले.

'घर' म्हणजे कोणती जागा हे मात्र कळेना. हे नाव आम्हाला लावता येईना. मामींना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जागा नोहे थे, बापू. गुरुवारी आमचं बायायचं भजन राहे ना गजानन महाराजाच्या देवळात, तवा थे नंबर लावत. माह्यासाठी." त्या पिढीतला नवरा चारचौघांत बायकोचे नाव घेत नसे. यंत्राच्या पडद्यावरही त्यांनी ते घेतले नव्हते.

यापुढची हकिगत थोडक्यात सांगतो. ठरल्या दिवशी मेकॅनिकांनी यंत्राची पिन काढली, थोडा वेळ थांबून सर्किट उलटे केले आणि पेन्सिल सेलचे चिमटे लावले. सोल्डरिंग आयर्न तापल्यावर टोक टेकवण्याआधी ते प्रत्येक वेळी त्याचीही पिन काढत. इस्त्रीतून गळणारी अल्पशी वीजसुद्धा अशा स्मृतीला पुरेशी असते, असे त्यांचे म्हणणे. वितळलेले सोल्डर सकरने ओढून घेतले. ऋण टोक सुटले. धन टोकाची पट्टी सुटताना जराशी उसळली आणि तिने चिमट्याला ढकलले. एवढेच. चिमटा पुन्हा लावायला दोन सेकंदही लागले नसतील. दोष कोणाचाच नव्हता. होल्डर बसला, नवी चकती गेली, मीटरवर तीन पूर्णांक दोन व्होल्ट दिसले. यंत्र चालू केले. कंपनीचे सगळे प्रोग्रॅम जागच्या जागी होते. त्यापुढे पडद्यावर अर्थ नसलेली चिन्हे होती, आणि स्मृती नव्याने मांडून घेतल्यावर तीही गेली.

मेकॅनिकांनी पैसे घ्यायला नकार दिला. मी आग्रह केला, कारण बॅटरी तर त्यांनी चोख बसवली होती.

घरी येऊन वही उघडली आणि एकेक आकडा परत भरू लागलो. या वेळी तीन संध्याकाळी लागल्या. काम कंटाळवाणे होते, पण त्यात मामांच्या हाताची चाल थोडी थोडी उलगडत गेली. आवाजातली तीक्ष्णता ते बहुतेक ठिकाणी सहा किलोहर्ट्झच्या आसपास कापत. एका कीर्तनकारासाठी मात्र दहापर्यंत मोकळी सोडलेली होती. बहुधा त्यांचे दात पडल्यावर 'स' आणि 'श' ऐकू येईनासे झाले असावेत, असा मामेभावाचा तर्क. आकडे तेच, क्रमांक तेच, नावे तीच. कागदाची पोथी पुन्हा उतरवली की तिच्यात नवा हात येतो, नव्या चुका येतात. इथे तसे नाही. एक पूर्णांक आठ म्हणजे एक पूर्णांक आठच. प्रत आणि मूळ यांत फरक करण्याचा कोणताही मार्ग यंत्राकडे नाही. त्या अर्थाने काहीही हरवले नव्हते.

गेल्या कार्तिकात मी यंत्र, माइक आणि एक छोटा स्पीकर घेऊन मामींकडे गेलो. काकडआरतीचे दिवस होते. मामी आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. एकेचाळीस क्रमांक लावला. त्यांनी एका अभंगाचे धृपद म्हटले, थांबल्या, पुन्हा म्हटले. मी आकडे बरोबर आहेत ना हे पाहू लागलो.

"बरोबर हाय रे, त्यायचाच हाय," त्या म्हणाल्या. "पण हा इको माह्या तवाच्या आवाजाचा हाय. आता माहा आवाज त्याच्यात बुडते."

त्यांचे खरे होते. वयाबरोबर आवाजात श्वास वाढतो, शब्दांच्या कडा बोथट होतात. तरण्या गळ्याला शोभणारा लांब घुमारा थकलेल्या गळ्याचे शब्द पुसून टाकतो. मी मुदत कमी करत गेलो. एक पूर्णांक सहा, चार, तीन. अंतर दहावर आणले. मामी गात राहिल्या आणि मधूनच हाताने 'अजून' किंवा 'बस' सांगत राहिल्या. मला मामांचा कान नाही; पण गाणारीला काय हवे ते तिला ठाऊक होते. तो प्रोग्रॅम आम्ही रिकाम्या जागी ठेवला आणि त्याला 'घर ३' नाव दिले. "ते पहिले दोन मिटवू?" मी उगाच विचारले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "जागा हाय ना?"

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरात लावून दिला आहे. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा चौथ्या शतकातला राजा स्वतः कवी होता. पारिजातहरणाच्या कथेवर त्याने 'हरिविजय' नावाचे प्राकृत महाकाव्य लिहिले. ते आज उपलब्ध नाही. त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट मात्र १९३९ साली वाशीमला सापडला. त्यातला वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. जमीन कोणाला दिली, कोणत्या सवलतींसह दिली, हे आपण आजही वाचू शकतो. तांब्याला कोणाचाच आधार लागत नाही. काव्याला लागला, आणि कुठल्यातरी शतकात तो सुटला.

तरीही 'हरिविजय' पूर्णपणे गेले असे म्हणता येत नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्याचा उल्लेख केला, भोजाने आपल्या ग्रंथांत त्यातल्या गाथा उद्धृत केल्या. ज्यांना ते काव्य आवडले त्यांनी आपापल्या कामासाठी त्यातले जे उचलले तेवढे उरले. सुटे तुकडे, त्यांचा मूळ क्रम हरवलेला, आणि तरी कवीचा आवाज ओळखू यावा इतके. अनुरणनाचा सिद्धान्त मांडणाऱ्या ग्रंथातच आमच्या गावच्या कवीचे अनुरणन शिल्लक असावे, हा योगायोग मी वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी हसतात. मीही हसतो. पण त्या दोन सेकंदांत एका यंत्राची स्मृती जाताना पाहिल्यापासून मला त्या काव्याच्या जाण्याबद्दल पूर्वीसारखे अलिप्तपणे बोलता येत नाही. कुठल्या तरी एका घरात त्याची शेवटची प्रत असेल. ती उतरवून घ्यायला हवी हे कोणाला तरी माहीत असेल, आणि त्या वर्षी जमले नसेल.

मौखिक परंपरेविषयी आपण लिहितो-बोलतो तेव्हा ती 'टिकली' असे क्रियापद वापरतो, जणू टिकणे हा तिचाच गुण आहे. ओव्या, भारुडे, बंजाऱ्यांची लेंगी गीते यांतले काहीही आपोआप टिकलेले नाही. कोणीतरी दर वर्षी ते म्हटले, म्हणजे तेवढा प्रवाह चालू ठेवला, म्हणून ते आहे. हा प्रवाह फार लागत नाही. पण तो शून्यावर आलेला चालत नाही, आणि तो कमी होत चालल्याची सूचना देणारा पडदा ओव्यांना नसतो. संकलकाची वही त्यासाठीच हवी. मात्र वहीत उतरवले की आपले काम संपले, हा समजही मामींनी माझ्यापुरता मोडीत काढला आहे. वहीमुळे मामांचे ऐकणे परत मिळाले. ते गाणाऱ्या गळ्याला पुन्हा लावून पाहिल्यावरच तिसरा पाठ जन्माला आला.

मेकॅनिकांनी होल्डरच्या शेजारी एक कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर बॅटरी बसवल्याचा महिना आणि वर्ष लिहिले आहे. त्यांच्या अंदाजाने पुढची बदली २०४०च्या आसपास करावी लागेल. त्या वेळी सोल्डर करावे लागणार नाही; नखाने चकती उचलता येईल. तरी यंत्र बंद असताना चकती उचलली की स्मृती जाणारच. म्हणून वहीच्या तीन छायाप्रती केल्या आहेत: एक यंत्राच्या पेटीत, एक मामेभावाकडे, एक त्या विद्यार्थिनीकडे. 'घर ३'ची नोंद तिच्याच अक्षरात आहे.